आईला झालेली प्रेरणा

ज्याला आयुष्यातला मोठा निर्णय घ्यायचा असेल त्याने तो एकट्याने घ्यायचा नाही, अशी त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीची रीत होती. रविवारची उपासना शाळेच्या हॉलमध्ये व्हायची, पण शांत बैठक भरायची ती चष्मेवाल्या काकांच्या दुकानामागे, डोळे तपासायच्या खोलीत. काका मंडळीचे प्रमुख होते. खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वरचं अक्षर ताटाएवढं आणि खालची ओळ मुंगीएवढी. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी मधूनच एक डोळा उघडून प्रत्येकजण आपल्याला कुठपर्यंत वाचता येतंय ते बघून घ्यायचा.

बैठकीची पद्धत सोपी होती. विचारणाऱ्याने मधल्या खुर्चीवर बसायचं, प्रश्न एकदाच मांडायचा आणि गप्प व्हायचं. मग सगळेच गप्प. पवित्र आत्मा ज्याच्या मनात शब्द घालेल त्याने तो बोलायचा, आणि विचारणाऱ्याने तो मानायचा. त्यावर वाद नाही, चर्चा नाही, पुन्हा विचारणं नाही. "तुम्हाला नक्की ऐकू आलं का?" असं तिथे कुणी कुणाला विचारत नसे. ते पगार विचारण्यापेक्षा वाईट मानलं जायचं.

शब्द बहुतेक वेळा लहानसाच यायचा. घे, नको घेऊस, माफ कर, वाट बघ. एकदा एकजण जुना फ्रिज घ्यावा का म्हणून बसला होता. बराच वेळ शांतता, आणि मग मोठ्या आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बर्फ फार धरतो तो." आत्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्याच होत्या. हा शब्द नक्की कुठून आला यावर लोक नंतर जिन्यात हसले, पण फ्रिज काही घेतला गेला नाही.

त्याच खुर्चीवर एका संध्याकाळी लेक बसली, आणि समोरच्या बाकावर तिची आई.

लेक कृत्रिम पाय बनवायची. ज्याचा पाय गेलाय त्याच्या पायाच्या उरलेल्या भागाचं प्लॅस्टरमध्ये माप घ्यायचं, त्यावरून वाटीसारखा साचा करायचा, तो घासून घासून त्या माणसाला बसवायचा. मंडळीत तिला कौतुकाने पायवाली म्हणायचे. तिशी ओलांडली होती, लग्नाचं नाव काढलं की "आधी माझ्या लोकांना उभं करते, मग मी आडवी पडते" असं काहीतरी बोलून विषय उडवायची. आता डोंगरापलीकडे, दगडाच्या खाणी असलेल्या भागातून तिला बोलावणं आलं होतं. तिथे एक लहानसं मिशन हॉस्पिटल होतं. खाणीत पाय गमावलेली माणसं तिथे काठीवर, नाहीतर नुसती बसून होती. पाय बनवणारं कुणी नव्हतं. एकदा गेलं की वर्ष वर्ष यायला मिळणार नव्हतं.

"मला जायची फार इच्छा आहे," लेक खुर्चीवर बसून म्हणाली. "इतकी, की मला झोप लागत नाही. आणि म्हणूनच मला भीती वाटते. हे बोलावणं आहे की माझीच हौस, ते मला कळत नाही. मी जावं का?"

हा त्या मंडळीचा खास घोळ होता. देहस्वभावाला बळी पडायचं नाही, आत्म्याच्या चालीने चालायचं, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की जे हवंसं वाटेल त्याच्यावर त्यांचा पहिला संशय. कुणाला एखाद्या कामात फार आनंद व्हायला लागला की तो जरा घाबरायचाच. नको असलेली गोष्ट मात्र देवाची असण्याची शक्यता जास्त.

आई इथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनची कापडं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर दोन खोल्यांचं. आईचे गुडघे गेलेले, आणि संध्याकाळी लेकीच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की तिच्या दिवसाला अर्थ यायचा. पण हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. उलट. बोलावणं आल्यापासून ती सगळ्यांसमोर म्हणायची, "मी कोण अडवणारी? जा म्हटलं तिला. माझं काय, मी एकटीचा एक कप चहा करून घेईन." हे ती इतक्या चांगल्या आवाजात म्हणायची की ऐकणाऱ्यांना तिचा हेवा वाटायचा. तिलाही स्वतःचं जरा कौतुक वाटायचं.

ती काही ठरवून आली नव्हती. हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

खोली गप्प झाली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आईने डोळे मिटले आणि खरोखरच प्रार्थना केली: प्रभू, तुझी इच्छा. मग तिला दिसलं ते घरातलं जेवायचं टेबल. एक ताट, एक भांडं, आणि समोरची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. तिच्या छातीत काहीतरी गरम झालं आणि घशापर्यंत आलं. तिने डोळे उघडले. कोपऱ्यात मोठ्या आत्यांनी मान वर केली होती, ओठ विलग झाले होते, श्वास आत घेतला होता. आत्या बोलणार होत्या.

"थांब," आई म्हणाली. "तिने थांबावं."

आत्यांनी श्वास सोडून दिला. चष्मेवाल्या काकांनी मान हलवली. "आमेन," कुणीतरी म्हणालं.

आईला त्याच क्षणी कळलं. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मागे काहीच उरलं नाही, ना शांती ना प्रकाश, फक्त एखादी वस्तू खिशात टाकल्यावर वाटतं तसं हलकंसं समाधान. ती म्हणणार होती की नाही, चुकलं, मीच बोलले. पण लेकीने मान खाली घातली होती, आणि मग ती वर करून म्हणाली, "बरं."

घरी चालत जाताना लेकीने तिचा हात धरला. रडून झालं होतं तिचं.

"आई, तुला किती जड गेलं असेल गं."

"मला?"

"तुला तर मी जावं असंच वाटत होतं. सगळ्यांना सांगत फिरत होतीस. दुसऱ्या कुणी थांब म्हटलं असतं तर मला शंका आली असती. पण तू स्वतःच्या मनाविरुद्ध बोललीस. म्हणून मला एकदम पटलं."

आईला ठेच लागली. रस्ता सपाट होता.

"सावकाश," लेक म्हणाली.

पुढचे काही दिवस आई खूप चांगली वागली. लेकीच्या आवडीचं करून घालायची. शेजारणीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून चाललेलं जुनं भांडण मिटवून आली. लाँड्रीत गाणी म्हणायला लागली. तिचा सूर असा होता की मशीन बिघडलं की काय म्हणून लोक बघायचे.

"लेक थांबली म्हणे," जोडीदारीण म्हणाली. चादरीला दोन बायका लागतात. रोलरमधून गरम चादर आली की दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, ताणायची, आणि घडी घालत एकमेकींकडे चालत यायचं. दिवसभर हेच. त्यामुळे जोडीदारणीपासून काही लपत नाही; प्रत्येक चादरीमागे तिचं तोंड जवळ येतं.

"देवाची इच्छा," आई म्हणाली.

"बरा आहे तुमचा देव. आमच्या पोरांना काही सांगत नाही. माझा एक गेला तो गेला, फोनवर 'बोल' म्हणतो, जसं मीच त्याला उधारी मागायला फोन केलाय." तिने टोक आईच्या हातात दिलं. "नशीबवान आहेस बाई."

त्या दिवसानंतर गाणी थांबली.

आई स्वतःला तपासायला लागली. आत्म्याचं फळ म्हणून जे जे तिला लहानपणापासून पाठ होतं ते एकेक करून आपल्यात शोधायची. प्रीती होती, पण कसली ते विचारायची हिंमत नव्हती. शांती नव्हती. सहनशीलता लेक दाखवत होती, ही नाही. इंद्रियदमनाच्या नावाने तिने चहातली साखर सोडली, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं तिलाच हसू आलं. घर चोरायचं आणि दाराशी पायपुसणं नेऊन ठेवायचं, तसलं ते झालं.

एका दुपारी लेक डबा विसरली म्हणून आई तो घेऊन तिच्या वर्कशॉपमध्ये गेली. सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ, भिंतीला टेकून उभे पाय, काही बुटांसकट. लेक एका माणसासमोर जमिनीवर बसली होती. तो दोन आडव्या लाकडी कठड्यांच्या मध्ये नवा पाय घालून उभा होता. खाणीच्याच भागातला होता, पाय घालून घ्यायला दोन गाड्या बदलून आला होता.

"कसं वाटतंय?" लेकीने विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक आहे म्हणू नका. सगळे ठीक आहे म्हणतात आणि घरी जाऊन आत फोड येतो. कुठे लागतंय?"

"बाजूला. इथे, हाडाला."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही एवढी मेहनत केलीत ताई. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

लेक हसली. पेन्सिलने साच्यावर खूण केली, पाय काढून घेतला आणि घासायला लागली. तो माणूस एका पायावर, कठडा धरून, तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्याकडे येणार होतात ना? डॉक्टर म्हणत होते."

"नाही जमलं."

"पगाराचं काही?"

"नाही हो. देवाची इच्छा वेगळी होती." लेकीने हे अगदी सरळपणे सांगितलं, कानामागे केस सारावेत तसं.

त्या माणसाने कठड्यावरची पकड बदलली. "असेल," म्हणाला. "आमच्याकडचा रस्ता फार वाईट आहे. देवालाही माहीत असणार."

आईने डबा टेबलावर ठेवला आणि ती मागच्या मागे निघून आली. तिचा शब्द आता त्या माणसापर्यंत पोचला होता, देवाच्या नावावर. तो माणूस तिथून गाडीत बसून डोंगरापलीकडे जाणार होता, आणि तिथे काठ्या टेकत बसलेल्यांना सांगितलं जाणार होतं की देवाला तुम्ही चालावं असं वाटत नाही.

ती सरळ चष्मेवाल्या काकांकडे गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका एक फ्रेम पुसत बसले होते.

"काका, तो शब्द माझा होता," ती म्हणाली. "त्या बैठकीतला. आत्म्याचा नव्हता. मला ती जायला नको होती, म्हणून बोलले."

काकांनी फ्रेम खाली ठेवली. "बसा."

"मला तिला सांगायचंय."

"आधी बसा तर." त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि तो नसताना त्यांचे डोळे फार लहान, फार थकलेले दिसले. "हे बघा. सैतान असा नंतर येतो. मनात शंका घालतो. तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"गरम वाटलं."

"झालं मग."

"काका, भीतीनेही गरम होतं."

काकांनी पुसलेलीच फ्रेम पुन्हा उचलून पुसली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी घर विकलं ते याच खोलीत मिळालेल्या शब्दावर. बायको नको म्हणत होती. ती गेली तीसुद्धा भाड्याच्या घरात. मी एकदाही विचारलं नाही शब्द कुणाचा होता. कारण विचारायचं नसतं." त्यांनी चष्मा परत घातला. "तुमचा एक शब्द खोटा निघाला तर बाकीच्यांचं काय? सगळ्यांचीच शिवण उसवेल. थोडं थांबा. प्रार्थना करू. देवाला पाठवायचंच असेल तर तो दुसरा मार्ग काढेल."

आईला हायसं वाटलं. सगळ्यात वाईट हेच होतं: ती तिथे कबुली द्यायला गेली होती आणि सुट्टी घेऊन बाहेर पडली. पुढचे कित्येक दिवस तिच्या मनात कुणी दार वाजवलं की ती म्हणायची, काकांनी थांबायला सांगितलंय.

मग एका रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, लेक उभी राहिली.

तिने तयारी केली नव्हती, असंच उठली. म्हणाली, तिची एक इच्छा होती, चांगली दिसणारी, सेवेचे कपडे घातलेली. पण ती तिची स्वतःची होती, आणि देवाने ती तिच्याकडून मागून घेतली. त्रास झाला. अजून होतो. कधीकधी प्लॅस्टर कालवताना तिला वाटतं की आपण मेलेल्या माणसासारखं हात हलवतोय. पण आत्म्याने चालायचं म्हणजे हेच असणार, आपलं रोज थोडं मरणं. "आणि माझ्या आईचे आभार," ती म्हणाली. "तिला मी जायला हवी होते. तरी तिने जे ऐकलं तेच सांगितलं. मला तिच्यासारखं ऐकता यावं, एवढीच प्रार्थना करा."

लोकांनी डोळे पुसले. शेजारच्या बाईने आईचा हात दाबला. चष्मेवाले काका खिडकीकडे बघत होते.

त्या दुपारी घरी दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मोठी चादर आली. लेकीने दोन टोकं धरली, आईने दोन, आणि सवयीने दोघी मागे सरकल्या.

"तो शब्द माझा होता," आई म्हणाली.

"कुठला?"

"थांब म्हटलं ते. मला काही ऐकू आलं नव्हतं. तू जाशील म्हणून जीव घाबरला आणि मी बोलले. आत्या बोलणार होत्या, त्यांच्या आधी बोलले."

चादर मध्ये ताणलेली होती. लेकीने ती सोडली नाही.

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच."

"बोललीस तेव्हाच?"

"हो."

"आणि एवढे दिवस?"

लेक पुढे चालत आली, आपली टोकं आईच्या हातात दिली, खाली वाकून घडीचा मधला भाग उचलला, पुन्हा मागे गेली. घडी पूर्ण झाली. ती तिने पलंगावर ठेवली आणि हाताने सारखी केली, जरा जास्तच वेळ.

"अजून जागा आहे ना तिथे?" आई म्हणाली. "परवाच म्हणालीस, त्यांना कुणी मिळालेलं नाही. जा तू. आजच फोन कर. मी सांगते ना."

"तू सांगतेस."

"मनापासून सांगते."

"मागच्या वेळी कुठून सांगितलं होतंस?"

हे ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती माहिती विचारावी तसं विचारत होती.

"पोरी, मला मार, बोल, काय करायचं ते कर. पण जा."

"मला राग आलेला नाही आई. खरंच नाही. मी शोधतेय, पण नाहीये." ती पलंगाच्या कडेवर बसली. "मला आधी जायचं होतं ना, तेव्हा आत काहीतरी सारखं बोलायचं. मला वाटलं हा देह. मी त्याला गप्प केलं. रोज केलं, गुडघ्यावर बसून. तुझ्या शब्दासाठी केलं. आता तू म्हणतेस की तोच खरा होता. असेल. पण आता तो बोलत नाही. कचऱ्यात टाकलेलं उचलून परत ताटात कसं घ्यायचं?"

"देव परत बोलेल."

"बोलेल. पण मला कळणार कसं तो आहे म्हणून? त्याचा आवाज मला तुझ्या आवाजात ऐकू आला होता. मी ओळखला होता, अगदी पक्का. आणि ती तू होतीस." ती उठली. "चहा टाकू का?"

तिने चहा टाकला. आईच्या कपात साखर घातली.

पुढच्या शांत बैठकीत आईने उभं राहून सगळं सांगितलं. एकजण भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला. मग मोठ्या आत्या म्हणाल्या, "मी 'जा' म्हणणार होते गं. श्वास घेतला होता."

"माहीत आहे आत्या."

"मला वाटलं, आई बोलतेय म्हणजे मलाच नीट ऐकू आलं नसणार. कानही गेलेत माझे." म्हातारी रडायला लागली, आणि तिला रडताना त्या खोलीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी घाईने एक गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीपर्यंत निम्मे गप्प झाले होते. त्यानंतर मधल्या खुर्चीवर बसायला कुणी पुढे येईना.

लेक बैठकीला येईनाशी झाली. रविवारी यायची, आईला रिक्षात बसवायला उतरवायला कुणीतरी हवं म्हणून. गाण्याच्या वेळी पुस्तक उघडून धरायची, योग्य पानावर, आईला दिसेल असं. घरी ती इतकी चांगली वागायची की आईला तिच्याकडे बघवत नसे. गुडघ्यांना तेल लावून द्यायची. आवाज चढवायची नाही. प्रीती, सौम्यता, चांगुलपणा, सगळं जागच्या जागी, दुकानातल्या मेणाच्या फळांसारखं. रात्री जेवणाआधी आई प्रार्थना करायची तेव्हा ती मान खाली घालायची, पण आईला माहीत होतं की त्या मानेखाली कुणी नाही. समोरची खुर्ची भरलेली होती. आईने मागितलं होतं ते तिला तंतोतंत मिळालं होतं.

खाणीच्या हॉस्पिटलचा फोन अधूनमधून यायचा. लेक म्हणायची, "विचार करते." एकदा आईने विचारलं, "काय अडतंय तुझं?"

"काही नाही. तुझे गुडघे आहेत. शिवाय उठून जायला काहीतरी लागतं गं आतून."

गुडघे तरी बाजूला काढता येतील, एवढंच आईला सुचलं. तिने भावाच्या बायकोला फोन केला. या वहिनीशी तिचं कधीच पटलं नव्हतं. वहिनी विधवा, एकटी, तिचं घर दूरच्या गावात, आणि जीभ अशी की दूध नासावं.

"येऊन राहू का तुझ्याकडे?"

"का, लेकीने हाकलली?"

"नाही. मीच निघते."

"किती दिवस?"

"कायमची म्हणाले तर?"

"माझ्याकडे टीव्ही मोठ्याने लावते मी. आणि भाजीत तिखट कमी घालणार नाही, आत्ताच सांगते."

आईने यासाठी शांत बैठक मागितली नाही. कुणाला विचारलं नाही. प्रार्थना केली, पण छातीत काही गरम झालं नाही, कुठला शब्द आला नाही. हे आत्म्याचं होतं की आणखी एक सोंग, चांगली आई म्हणवून घ्यायचं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. जायची तिला जराही इच्छा नव्हती, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायला ती आता तयार नव्हती. इच्छा नसणं म्हणजे देव, हाही त्या मंडळीचाच घोळ. तिला एवढंच दिसत होतं की ती त्या घरात असेपर्यंत लेक गुडघ्यांना तेल लावत राहील. तिने लाँड्रीची नोकरी सोडली. जोडीदारीण म्हणाली, "वेडी आहेस," आणि नव्या मुलीला चादर कशी धरायची ते दाखवायला लागली.

लेकीने अडवलं नाही. बॅग नीट भरून दिली, औषधं वरच्या कप्प्यात ठेवली, बसमध्ये खिडकीची जागा बघून दिली.

"माझ्यासाठी चाललीस का?" तिने खालून विचारलं.

"हो."

"मी जाईनच असं नाही."

"माहीत आहे."

"पोचलीस की फोन कर."

वहिनीचा टीव्ही खरोखरच मोठ्याने चालायचा. ती सकाळी उठल्यापासून नावं ठेवायची: आईच्या चालण्याला, झोपण्याला, डोळे मिटून बसण्याला. "काय ऐकतेस एवढी? सांगतो का काही?" आई म्हणायची, "नाही." "मग कशाला बसतेस?" याचं उत्तर आईला रोज वेगळं सुचायचं आणि एकही खरं वाटायचं नाही. तरी ती बसायची. मग उठून वहिनीच्या पायाच्या भेगांना मलम लावायची, कारण वहिनीला वाकता येत नव्हतं, आणि वहिनी म्हणायची, "हळू. चादर नाहीये ती."

लेकीचा फोन ठरल्या वारी यायचा. काय जेवलीस, गोळ्या घेतल्यास का. आई खाणीच्या हॉस्पिटलचं नाव काढत नसे. तेवढं तिला जमायला लागलं होतं.

एकदा लेक बोलता बोलता म्हणाली, "अगं, त्या डोंगरापलीकडच्या लोकांनी ते काम बंद केलं. किती दिवस जागा धरून ठेवणार? ती खोली आता औषधांना दिली. पाय हवे असले की इकडेच पाठवणार, ज्यांना येता येईल त्यांना."

आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. वहिनीने टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकायला.

"बरं," आई म्हणाली.

"म्हणजे आता तो विषय संपला." लेकीचा आवाज नेहमीसारखाच होता, मऊ, नीट. "तू उगाच तिकडे पडली आहेस आई. मामीचा त्रास, गुडघ्यांचा त्रास. मी तशीही इथेच आहे. येतेस का परत? मी रविवारी न्यायला येते."

ते पुन्हा झालं. छातीत गरम झालं आणि वर आलं, अगदी त्याच वाटेने, घशापर्यंत. हो. ये. लगेच ये. यात आता कुणाचं काय जाणार होतं? जागा गेली होती, माणसं काठ्यांवरच राहणार होती, आणि दोन खोल्यांत एक बाई एकटी जेवत होती आणि इथे दुसरी. आईला देवाचा काहीही आवाज आला नाही. तिने वाट पाहिली, फोन कानाला धरून, आणि तिथे फक्त लेकीचा श्वास होता. त्या श्वासात न्यायला यायची तयारी होती, तेलाची बाटली होती, औषधांचा वरचा कप्पा होता, आणि लेक कुठेच नव्हती.

"नको," आई म्हणाली. "मी बरी आहे इथे."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. गोळ्या घे."

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"खोटं का बोललीस?" वहिनीने विचारलं. "मर मर मरतेस तिच्यासाठी. मी आंधळी नाहीये."

"मला माहीत नाही," आई म्हणाली.

वहिनीने टीव्हीचा आवाज वाढवला आणि आपला पाय आईच्या दिशेने थोडा पुढे सरकवला. आईने मलमाची डबी घेतली आणि खाली बसली. गुडघा दुखला. तिने हाताने तो नीट दुमडून घेतला आणि कामाला लागली.